बिनघडीचा चाकू, टँग आणि पाजवणे

कातळ: रानात राहण्याच्या कौशल्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'फिक्स्ड ब्लेड' पाशी अडले. 'स्थिर पात्याचा चाकू' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली, पातं स्थिर असते ती विळी! शिवाय 'टँग', म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग. त्याला काय म्हणावं?

रानभूल: 'घडीचा चाकू' रूढ आहे, मग हा 'बिनघडीचा'. खरा फरक सांध्याचाच आहे. ओंडका चिरताना पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकतात. तो मार घडीच्या चाकूची खीळ फार काळ सोसत नाही.

दूर्वांकुर: पण 'चाकू' तरी कशाला? तो फारसीतून आला. आपली 'सुरी' आहे की, थेट 'क्षुरिके'पासून.

रानभूल: सुरी म्हटलं की पातळ, लवचीक पातं डोळ्यासमोर येतं. इथे पाठ जाड हवी. वाचणारा चुकीचं हत्यार घेऊन रानात गेला तर व्युत्पत्ती त्याच्या काय कामाची?

कातळ: आणि टँग?

निसणा: 'टँग'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावा. फक्त 'मुठीच्या टोकापर्यंत गेलेली टँग म्हणजेच मजबूत चाकू' असं लिहू नका. उत्तर युरोपातल्या कितीतरी चाकूंची टँग अरुंद असते, मुठीत लपलेली, आणि कोरीवकामाला ते उत्तम चालतात. मजकुरात कुऱ्हाडीच्या आधी करवत घ्या, हीही विनंती. नवख्याच्या हातून कुऱ्हाडीचा घाव निसटला तर तो नडगीवर येतो. करवत सावकाश कापते, पण जिथे ठेवाल तिथेच कापते. आणि 'तोडणे', 'फोडणे', 'तासणे' वेगवेगळे ठेवा, सगळीकडे 'कापणे' नको. फांदी तोडायची, ओंडका फोडायचा, खुंटी तासायची. क्रियापद नेमकं असलं की कोणतं हत्यार उचलायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

दूर्वांकुर: हे पटलं. त्यात 'पाजळणे' घ्या. धार लावण्याला किती सुंदर शब्द!

रानभूल: धारेसाठी 'पाजवणे'. पाजळायचा तो दिवा.

दूर्वांकुर: आमच्या घरी कोयता पाजळतच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बघा.

निसणा: मला 'पाजवणे'चं मूळ 'पाणी पाजणे'त दिसतं. सुश्रुतसंहितेत शस्त्रांची 'पायना', म्हणजे तापलेलं पातं द्रवात बुडवणं, तीन प्रकारची सांगितली आहे: क्षार, उदक आणि तैल. तापलेलं पोलाद जे पितं, ते.

रानभूल: पण पाणी देतात पातं घडवताना, त्याने पोलाद कडक होतं. धार त्यानंतर दगडावर घासून काढतात, आणि पुढे वारंवार. ही दोन कामं एका शब्दात आलीच कशी?

निसणा: लोहार दोन्ही करत असे म्हणून.

रानभूल: हा तर्क झाला, पुरावा नव्हे. जुन्या मराठी लेखनातलं एखादं वाक्य दाखवा, जिथे 'पाजवणे' म्हणजे नुसतं पाणी देणे आहे.