मदत हवी आहे: क्रोशाची एच-8 सुई म्हणजे नक्की कुठली?

भाचीच्या बाळासाठी क्रोशाचं ब्लँकेट करायला घेतलंय. नमुना अमेरिकेतला आहे आणि त्यात सुई 'एच-8' दिलीये. लोकर मध्यम जाडीची. डबा उघडला तर 8 आकडा असलेल्या तीन सुया निघाल्या, तिन्ही वेगळ्या जाडीच्या! एक स्टीलची, एकदम बारीक; तिच्यावर आई दोऱ्याचे रुमाल विणायची. दुसरी मावशीने पूर्वी इंग्लंडहून आणलेली अ‍ॅल्युमिनियमची. तिसरी जपानी, तिच्यावर 8/0 कोरलंय. स्टीलची बाद, तिच्या आकडीत ही लोकर मावतच नाही. पण उरलेल्या दोनांतली कोणती घेऊ? शिवाय तक्त्यांचंही एकमत नाही. स्टीलची 8 नंबर एकात 1.5 मिमी, तर दुसऱ्यात 1.4. कृपया जाणकारांनी सांगा, बाळ यायच्या आत ब्लँकेट पुरं करायचंय.

प्रतिसाद:

ताई, जपानी घ्या. एच-8 म्हणजे 5 मिमी आणि जपानी 8/0 सुद्धा 5 मिमीच. 8, 9, 10 ला या दोन पद्धती जुळतात, त्याखाली मात्र जपून: अमेरिकन जी-6 ही 4 मिमी, जपानी 6/0 साडेतीन.

मावशींची सुई जुन्या ब्रिटिश पद्धतीची असणार. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते, म्हणून त्यांची 8 नंबर 4 मिमी भरेल. त्याच संचात 6 नंबर असेल तर ती 5 मिमीची, तीही चालेल. स्टीलच्या सुयांचा क्रमही असाच उलटा, आणि त्यांची मापं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून तक्ते जुळत नाहीत.

खरं सांगायचं तर आकड्यावर विसंबूच नका, मिलिमीटर बघा. व्हर्निअर कॅलिपर मिळाला तर उत्तम. आकडीच्या टोकाशी मोजू नका. आकडीखाली जो सरळ दांडा असतो, ज्यावर टाका बसतो, तिथे मोजा. टाक्याचं माप तिथेच ठरतं.

आधी 10 सेंमीपेक्षा थोडा मोठा चौकोन विणून मधल्या 10 सेंमीतले टाके मोजा. नमुन्यापेक्षा जास्त भरले तर हात घट्ट आहे, मग साडेपाचची, म्हणजे आय-9 घ्या. आणि नमुना अमेरिकन आहे, तेव्हा त्यातला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश पुस्तकात त्यालाच डबल क्रोशे म्हणतात, त्यामुळे मावशींचं एखादं जुनं पुस्तक शेजारी ठेवून विणत असाल तर तेवढं सांभाळा.