विषय: पेटीतल्या माळा कोल्हापुरात चालतील का?

प्रेषक: माई
अमेरिकेहून कोल्हापूरला पोचलो. नाताळचं झाड ठरलं. अंगणातला अरौकारियाच कुंडीसकट सोप्यात आणलाय, दोन गडी लागले. पाच फूट भरेल. २५ ला संध्याकाळी सात वाजता, सुट्टीत जे जे इकडे आलेत त्यांनी पोरांना घेऊन यायचं. प्रश्न माळांचा. तिकडच्या आपल्या मंडळाच्या पेटीतल्या तीन आणल्यात, ५०-५० दिव्यांच्या, त्या जुन्या पिवळ्या. प्लग इथल्या बोर्डात बसत नाही. वर लावायची पिन मिळते, ती लावून चालेल का? लवकर सांगा, नातवंडं माळा घेऊन बसलीत.

प्रेषक: अण्णा
पेटी कुणाला विचारून उघडली? संक्रांतीला ठरलं होतं की वहीत नोंद केल्याशिवाय काही हलवायचं नाही. परत तेच.

प्रेषक: तात्या
अण्णा, वही राहू दे. माई, पिन लावू नका!! पिनेनं नुसता आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिकडं १२०, कोल्हापुरात २३०. त्या माळेत अडीच व्होल्टचे ५० दिवे एकापुढे एक आहेत. एक गेला तरी बाकीचे चालावेत म्हणून दिव्याच्या बुडाशी बारीक तार असते, पण गेलेल्याचा भार उरलेल्यांवर पडतो. म्हणजे एकेक करत सगळी माळ जाणार. प्लगमधला फ्यूज आधी उडाला तर नशीब.
शिवाजी पेठेत गणपतीला आम्ही सहा व्होल्टचे दिवे डाग देऊन ओवायचो. ३८-४० घेतले की बरोबर बसायचं. चुलतभावानं एकदा घाईत २० चीच केली. आरतीचं तबक यायच्या आत काळी!

प्रेषक: वहिनी
मग दोन माळा जोडा की. १२० आणि १२०, झाले २४०. एकीच्या शेपटाला दुसरी.

प्रेषक: तात्या
न्हाई वहिनी. शेपटाच्या सॉकेटात लावली की दोघींनाही पुरे २३० च मिळतात. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, करायच्या तर वायर कापावी लागेल.

प्रेषक: अण्णा
मंडळाची वायर कापायची नाही.

प्रेषक: दादा
यावरून आठवलं, झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले १८८२ मध्ये, न्यू यॉर्कला, एडिसनचा सहकारी जॉन्सन यानं. ८० दिवे, लाल, पांढरे, निळे. झाड फिरतं होतं म्हणे.

प्रेषक: वहिनी
दादा, ते झाड माईंच्या सोप्यात येणार आहे का? माई, जेवायला तांबडा-पांढरा आहे ना? आमच्या ह्यांना तेवढंच विचारायचं होतं.

प्रेषक: तात्या
तीन माळांना मिळून साठेक वॉट लागतील. १०० वॉटचा स्टेपडाऊन (२३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर त्याच लावा. नाहीतर महाद्वार रोडला जाऊन एलईडीच्या घ्या, तापत नाहीत. अरौकारियाच्या फांद्या मऊ, भाराने लवतात. प्लगचं टोक खाली ठेवून खोडापासून सुरू करा, फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत खोडाशी आणा, मग वरचा मजला. नुसती गोल गुंडाळली की झाड बाहेरून उजळतं, आत अंधार.

प्रेषक: माई
एलईडीच्याच आणल्या. तात्या म्हणाले तशा खोडापासून नेल्या, तिसऱ्या मजल्यावरच माळ संपली, मग शेंड्याला दिवाळीतली एक जोडली. रस्सा आहे, दोन्ही.
अण्णा, पेटीतल्या तीनही माळा जशाच्या तशा परत येतील. एकीला धाकट्यानं दात लावलेत, तेवढं वहीत लिहून ठेवा.