शिळ्या उंड्या-पोयांचे कुरकुरीत टोस्ट पावसाळ्यात सादळू नयेत म्हणून काय करावं? मदत हवी आहे

रानअबोली

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये बाबांच्या पंचाहत्तरीला घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला येणार आहेत. जेवणाआधी हातात धरून खाता येईल असं काहीतरी द्यायचंय, आणि ते घरात उरणाऱ्या पावापासूनच करायचं माझ्या मनात आहे. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत दारात येतो. बाबांना पोई लागते, मला उंडो, मुलांना कातरे (हे सगळे इथल्या पावांचे प्रकार), त्यामुळे रोज थोडं उरतंच. पहाटे उठून लाकडाच्या भट्टीत कुणीतरी भाजलेला पाव कचऱ्यात जाताना मला बघवत नाही. रोज त्याचा चुरा करून कटलेटला लावण्यालाही मर्यादा आहे.

आत्ता मी असं करते: शिळ्या उंड्याच्या बोटभर जाड चकत्या कापते, दोन्ही बाजूंना तेल लावते आणि ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवते. रंग सुरेख येतो, बाहेर काढल्यावर करकर वाजतात. पण अर्ध्या तासात वातड होतात. वर टोमॅटो घातला तर त्याहून लवकर. सध्या बाहेर धो धो पाऊस आहे, मीठसुद्धा बरणीत ओलं होतंय, त्यामुळे हवेचा दोष असेल असं वाटतं.

मला हे हवंय: आदल्या दिवशी करून ठेवता यावेत, निदान तासभर कुरकुरीत राहावेत आणि तळायला लागू नयेत. श्रावण असल्यामुळे निम्मे पाहुणे मासे-मटण खाणार नाहीत, काही जणांना कांदा-लसूणही चालत नाही. वर काय घालावं तेही सुचवा.

भट्टीकाठी

ताई, आमची बेळगावला बेकरी आहे, त्यामुळे हा प्रश्न अगदी जवळचा. तुमचा टोस्ट बाहेरच्या पावसाने नंतर सादळतो, आधी तो आतल्या ओलाव्याने सादळतो. २०० अंशांवर वरचा पापुद्रा झटकन कोरडा होऊन तांबूस होतो, पण चकतीचा गाभा ओलाच राहतो. टोस्ट गार व्हायला लागला की गाभ्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या थरात येतं आणि तो वातड होतो. रंग आला म्हणजे पाव वाळला असं नाही.

म्हणून वाळवणं आणि भाजणं ही दोन वेगळी कामं समजा. चकत्या एक सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. तेल न लावता, ट्रेवर नाही तर जाळीवर पसरून १५० अंशांवर दहा मिनिटं, मग उलटून आणखी दहा. त्यानंतर ओव्हन बंद करायचा, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवायचा आणि चकत्या आतच गार होऊ द्यायच्या. वाफेला बाहेर जायला वाट पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर एक चकती मधोमध मोडा. काटकन तुटली तर झालं. वाकली किंवा मधला भाग बोटाला मऊ लागला तर सगळ्या पुन्हा दहा मिनिटं आत. गरम असताना परीक्षा घेऊ नका, तेव्हा काहीच कळत नाही.

तेल आणि रंग पाहुणे यायच्या थोडं आधी. ब्रशने अगदी पातळ हात फिरवून १८० अंशांवर तीन-चार मिनिटं. आदल्या दिवशी तेल लावून ठेवू नका असं मी का म्हणतो, तर तेलाला खवट वास लवकर लागतो. कोरड्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतात. डबा मात्र चकत्या पूर्ण गार झाल्यावरच बंद करा.

तुमच्याकडे पोदेराच्या टोपलीत काकणं असतात ना? बांगडीएवढी, आतपर्यंत वाळलेली. ती पावसातही किती दिवस टिकतात बघा. तेवढं वाळवायचं आहे.

रानअबोली

दादा, मनापासून धन्यवाद! गाभ्यातलं पाणी बाहेर येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पोईलाही हेच लागू का? आणि पाव साठवायचा कसा? रोजचा उरलेला पाव मी फ्रीजमध्ये ठेवत जाते, पण तिथे तो दगडासारखा होतो.

भट्टीकाठी

पोई आतून पोकळ असते, त्यामुळे ती तर याहून सोपी. कडेने कापून दोन पाळ्या सुट्या करा, प्रत्येकीचे त्रिकोण करा. पातळ असल्यामुळे १४० अंशांवर दहा-बारा मिनिटांत कडक होतात. वरचा कोंडा आधी झटकून टाका, तो जळला की कडवट लागतो. पाकिटातला सँडविच ब्रेड या कामाला घेऊ नका. त्यात साखर असते, वाळायच्या आत तांबडा होतो. साठवणीचं जाणकारांनी सांगावं.

दहा_ग्रॅम_यीस्ट

अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून थोडं लिहिते. पाव शिळा होतो तो फक्त पाणी उडून गेल्यामुळे नाही. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा रचना बदलून घट्ट व्हायला लागतो, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात जलद होते. म्हणून फ्रीजमधला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. फ्रीझरमध्ये मात्र ती जवळजवळ थांबते. रोज उरेल तो पाव त्याच संध्याकाळी चकत्या करून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बाहेर काढून सगळा एकदम वाळवा. शिळी पोई पाणी शिंपडून गरम केली की घटकाभर मऊ होते ना, तेही याचमुळे: साधारण ६० अंशांच्या वर तोच स्टार्च पुन्हा सैल पडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण घरात वयस्कर माणसं आहेत. एका टोकाला जरी बुरशी दिसली तरी पूर्ण पाव टाका. पाव सच्छिद्र असतो, बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खूप आत गेलेले असतात. आणि दमट हवेत पावाला आणखी एक रोग होतो. आतला भाग चिकट होतो, ओढला तर तार सुटते, वास फार पिकलेल्या खरबुजासारखा येतो. हा जिवाणूंचा प्रताप, आणि त्यांचे बीजाणू भट्टीतल्या उष्णतेलाही पुरून उरतात. असा पाव भाजून खाण्याजोगा होत नाही. शिळा पाव वेगळा, बिघडलेला वेगळा.

तडका_मारके

एवढं कशाला, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवा की.

दहा_ग्रॅम_यीस्ट

मायक्रोवेव्हमध्ये कडा दगड होतात आणि मध्ये ओलं राहतं, एकसारखं वाळत नाही. एअरफ्रायर असेल तर चालेल, १५० अंशांवर, एका थरात.

आर्नोकाठची

मी फ्लॉरेन्समध्ये राहते. टस्कनीत, म्हणजे इटलीच्या या भागात, शिळा पाव टाकत नाहीत, त्याचे पदार्थच ठरलेले आहेत. भिजवून पिळून काकडी-टोमॅटोत कालवला की पान्झानेल्ला, भाज्या-बीन्सच्या रस्स्यात शिजवला की रिबोल्लीता, आणि छोट्या चकत्या भाजल्या की क्रोस्तिनी. तुम्हाला हव्यात त्या क्रोस्तिनी. ब्रुस्केत्ता जाड असते, निखाऱ्यावर भाजतात, आतून मऊच ठेवतात आणि लगेच खातात. तीस माणसांना ती द्यायची म्हणजे एक माणूस शेगडीपाशी अडकतो.

इथली कोंबडीच्या काळजाची क्रोस्तिनी प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी बऱ्याच घरी भाजलेली चकती एका बाजूने सूपमध्ये जराशी बुडवतात, मुद्दाम मऊ करायला. सांगायचं कारण, वरचा पदार्थ आणि पाव यांचं आधी जमवून घ्यावं लागतं. तुम्हाला करकरीतच हवा असेल तर वरचा पदार्थ कोरडा किंवा स्निग्ध हवा. लोणी, चीज, काजूची दाट चटणी यांचा पातळ थर आधी लावला की त्यावरच्या भाजीचं पाणी पावात लवकर उतरत नाही.

ज्यांना लसूण चालते त्यांच्यासाठी: चकती गरम आणि खरखरीत असतानाच सोललेली पाकळी तिच्यावर घासा. किसणीवर किसल्यासारखी ती उतरते. इथला पाव बिनमिठाचा असतो म्हणून वरचं सगळं खारट चालतं, तुमच्या उंड्यात मीठ आहे, तेव्हा हात आखडता ठेवा.

सुंगटाची_किसमूर

मडगावहून. ताई, तुमच्याकडे उत्तर स्वयंपाकघरातच आहे! मासे खाणाऱ्यांसाठी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर करा. सुंगटं कोरडी भाजून चुरायची, बारीक कांदा, खवलेला नारळ, मिरची, थोडी चिंच. नारळ आणि कांदा अगदी शेवटी मिसळा, नाहीतर पाणी सुटतं. लोणी लावलेल्या पोईच्या त्रिकोणावर अर्धा चमचा, बस. पोई आणि किसमुरीची जोडी मला तरी दुसऱ्या कशातही सापडलेली नाही.

श्रावणवाल्यांसाठी चक्का. रात्रभर दही टांगून ठेवा, त्यात जिरेपूड, मिरी, आलं, मीठ. काकडी किसून, पिळून घाला. आणि लसणीऐवजी तेलालाच चव द्या: तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी करा, गार करून गाळा आणि शेवटच्या भाजणीला ब्रशने तेच तेल लावा. खोबरेल घेतलंत तर आणखी छान.

टोमॅटो घालायचाच असेल तर बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. खाली जमलेलं पाणी साराला वापरा.

रानअबोली

काय लिहू! आज दुपारी १५० अंशांवर वाळवून, ओव्हनमध्येच गार केल्या. आत्ता रात्र झाली, बाहेर पाऊस आहे आणि डब्यातल्या चकत्या अजून काटकन मोडतायत. बाबांनी चहात न बुडवता तशाच खाल्ल्या.

दोन प्रश्न राहिलेत. इथे पावसात वीज कधीही जाते, त्या दिवशी गेली तर शेवटची भाजणी कशी करू? आणि माणशी किती धरू?

भट्टीकाठी

बिडाचा तवा, अगदी मंद आच. चकत्या आधीच वाळलेल्या असल्यामुळे फक्त रंग आणायचाय, एका बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. झाकण अजिबात ठेवू नका. काढलेल्या चकत्या ताटात एकावर एक न रचता जाळीवर पसरा, नाहीतर खालच्या चकत्यांना घाम सुटतो.

पाठोपाठ जेवण आहे तर माणशी चार पुरे, तीस माणसांना एकशेवीस. मोडतोड धरून दीडशे वाळवा. एका मध्यम उंड्याच्या सहा-सात चकत्या होतात, म्हणजे पंचवीसेक उंडे आजपासून फ्रीझरमध्ये साठवायला लागा, पोया धरल्या तर त्याहून कमी. आणि सगळ्या एकदम सजवून ठेवू नका. टोपलीत कोरड्या चकत्या, शेजारी वाट्यांमध्ये किसमूर, चक्का, टोमॅटो. बाबांसाठी आणि इतर वयस्करांसाठी तेवढ्या तुम्ही वाढायच्या पाच मिनिटं आधी लावून ठेवा, म्हणजे त्यांच्या दातांना बेताच्या होतील.