बी. एस्सी. जीवशास्त्रानंतर केवळ बी. एड. का?

एका पालकांनी लिहिले आहे की, जीवशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीपुढे बी. एड.शिवाय वाट नाही. हे मला मुळीच पटत नाही. आमच्या इंदूरजवळ पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, आणि अशाच एका कारखान्याच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी काम केले आहे. इंजेक्शनचा नमुना पोषक द्रवात घालून १४ दिवस उबवणयंत्रात ठेवायचा, अधूनमधून नळी उजेडासमोर धरून द्रव गढूळ झाला का, म्हणजे त्यात जंतू वाढले का, ते पाहायचे, आणि शंका आली तर सगळा माल अडवून चौकशी करायची, असे ते काम. रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो. संशोधनाची ओढ असल्यास सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. मात्र तिकडे वळायचे तर एम. एस्सी. करावी, आणि जैवतंत्रज्ञान घ्यायचे असेल तर गॅट-बी या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करावी.