सुई खरी, पण टोचले जाते ते सगळेच विष नसते

जिवाणू सुईने विष टोचतात आणि पेशी मरते, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. सुईबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. साल्मोनेला या पोटाचे आजार घडवणाऱ्या जिवाणूच्या पृष्ठभागावरची ही सुईसारखी रचना १९९८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपली गेली. मात्र तिची पोकळी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर रुंद असल्यामुळे घडी घातलेले प्रथिन त्यातून जाऊच शकत नाही. ते आधी उलगडावे लागते आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा आकार घेते. म्हणजे हे काम इंजेक्शनपेक्षा सुईत दोरा ओवण्याच्या जवळचे आहे.

पेशी मरते, हे मात्र सरसकट खरे नाही. साल्मोनेला सोप-ई आणि एसपीटी-पी ही दोन प्रथिने आतड्याच्या पेशीत सोडतो. सोप-ई पेशीच्या आतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या सांगाड्याची उलथापालथ घडवते, पेशीच्या आवरणाला झालरी फुटतात आणि त्या झालरीच जिवाणूला आत ओढून घेतात. एसपीटी-पी नेमके याच्या उलट काम करून सांगाडा पूर्ववत करते. दोन्ही एकाच सुमारास आत जात असूनही एकमेकांचा परिणाम का पुसत नाहीत, याचे उत्तर मला या साऱ्या विषयात सर्वांत चातुर्याचे वाटते: पेशीची स्वतःची प्रथिने मोडणारी यंत्रणा, म्हणजे प्रोटिअसोम, सोप-ईला लवकर नष्ट करते, तर एसपीटी-पी बराच जास्त काळ टिकते. वेळापत्रक जिवाणूचे असले, तरी ते पाळण्याचे काम यजमान पेशीच करते.