प्रति: विद्यापीठांना वेगळं नेटवर्क कशाला?

"घरच्या फायबरवर सिनेमा दोन मिनिटांत उतरतो, मग विद्यापीठांना वेगळं नेटवर्क कशाला?" असं वर विचारलंय. जरा हिशेब करा. एक पेटाबाइट (दहा लाख जीबी) डेटा घरच्या फायबरसारख्या १०० एमबीपीएस वेगाने अखंड पाठवला तरी अडीच वर्षं लागतात. त्याच्या हजारपट वेगाने, म्हणजे १०० जीबीपीएसवर, साधारण २२ तास. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचा डेटा मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत येतो, तो अशा वेगळ्या नेटवर्कच्या जोरावर.

असं नेटवर्क नसलं की काय होतं, त्याचं उलट उदाहरण बघा. एप्रिल २०१७मध्ये कृष्णविवरांची निरीक्षणं झाली, त्यातली दक्षिण ध्रुवावरची नोंद हार्ड डिस्कमध्येच अडकली. तिथून एवढा डेटा पाठवायची सोय नाही आणि हिवाळ्यात विमानही नाही. त्या डिस्का अमेरिकेत पोचायला डिसेंबर उजाडला.