चेंडू पडतोय की तरंगतोय? टायमिंगबद्दल मदत हवी

प्रश्न: हाताने चित्रं काढून केलेल्या ॲनिमेशनमध्ये उसळता चेंडू दाखवायचाय. सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणाऱ्या स्थिर प्रतिमा), प्रत्येक चित्र दोन फ्रेम. चेंडू वरून जमिनीवर यायला १२ फ्रेम दिल्यात, तरी तो फुग्यासारखा उतरतो. ८ फ्रेम केल्या, तर नुसता घाईत उतरतो. वजन कसं आणायचं?

उत्तर १: १२ फ्रेम ठीक आहेत, अर्ध्या सेकंदात वस्तू साधारण सव्वा मीटर पडते. चूक चित्रांमधल्या अंतरात असणार. मधली चित्रं सारख्या अंतरावर काढली की वेग बदलतच नाही. अंतरं १:३:५:७:९:११ ठेवा. कागदावर उंची १८ सेंमी असेल तर ०.५, १.५, २.५, ३.५, ४.५, ५.५. शिखराजवळ चित्रांची दाटी, खाली मोकळं. चित्र काढण्याआधी कागदाच्या कडेला या खुणांचा तक्ता आखाच.

उत्तर २: शिवाय जमिनीवर आपटून दबलेला, म्हणजे चपटा झालेला चेंडू कुठे येतो ते बघा. हवेतच दाबला तर तो जमिनीला लागलाय असं वाटतच नाही. आधी जमिनीला टेकणारं लांबट चित्र, मग दबलेलं, तेही एकच फ्रेम. दोन फ्रेम राहिलं की चेंडू चिकटल्यासारखा दिसतो. रुंदी सव्वापट केली तर उंची ०.८ पट करा, नाहीतर चेंडू फुगतो.

उत्तर ३: पुढच्या उसळीला १२ फ्रेम ठेवू नका. उंची निम्मी झाली की वेळ निम्मी होत नाही, साधारण ०.७ पट होते. म्हणजे वर जायला ८, खाली यायला ८.